सव्वा मीटर कॉर्डरॉय

सकाळी सहा

डिसेंबरात धरणगावला सहा वाजता नीट उजाडलेलंही नसतं. पण आज भाचीचा कॉर्डरॉयचा स्कर्ट पुरा करायचा आहे. ती साडेनऊच्या एसटीने जळगावला कॉलेजात जाते आणि साडेचारपर्यंत परत येते. म्हणजे माप सकाळी, ट्रायल संध्याकाळी, आणि कापणी, खुणा, कच्ची जोडणी हे सगळं मधल्या सात तासांत. उद्यापासून लग्नसराईचे ब्लाउज मशीनवर चढायचे आहेत, तेव्हा आजचं काम आजच हातावेगळं झालं पाहिजे.

कापड आधीच धुऊन ठेवलंय. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, ब्लाउजचं अस्तर आपण भिजवूनच घेतो. पण जाड कापडाला हे नको, असं बऱ्याच जणी धरून चालतात. अंगाबरोबरच्या स्कर्टला कमरेत अर्धा इंच आटूनही चालत नाही. धुतलं ते साध्या पाण्यात, आणि पिळलं नाही. पिळलं की लवेवर मोडी पडतात, आणि त्या नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. निथळू दिलं, सावलीत वाळवलं, सैल गुंडाळी करून ठेवलं. घडी घातली नाही.

सात

ऊन अंगणात उतरलं की कापड बाहेर आणते. कॉर्डरॉय दिव्याखाली बघण्यात अर्थ नाही.

जळगावच्या फुले मार्केटमधून आणलेलं हे कापड आहे, मातकट तपकिरी रंगाचं, 58 इंच पन्ह्याचं, सव्वा मीटर. दुकानात घेताना दोन गोष्टी बघितल्या होत्या. पहिली म्हणजे रेघा. कॉर्डरॉय त्याच्या उभ्या रेघांवरून ओळखतात आणि त्या इंचाला किती आहेत यावर कापडाचा सगळा स्वभाव ठरतो. इंचाला आठ रेघा असतील तर ते कापड जाड, सोफ्याला किंवा कोटाला शोभणारं. अकरा म्हणजे नेहमीची पँट. चौदा-सोळा रेघांचं कापड बारीक आणि लवचीक, आणि एकविसाच्या पुढे गेलं की ते शर्टालाही चालतं. नितंबांवर नीट बसणारा स्कर्ट शिवायचा तर चौदाच्या खाली जाऊ नये, कारण टक्सच्या टोकाशी जाड रेघा एकावर एक चढतात आणि तिथे गाठीसारखा उंचवटा राहतो. हे कापड चौदाचं आहे.

दुसरी गोष्ट सूत. कडेचा एक धागा उपसून काडी लावली. तो कागदासारखा भुरभुर जळाला आणि बोटांत राख राहिली. पॉलिस्टर असतं तर वितळून काळा मणी झाला असता. बाजारात हल्ली कॉर्डरॉयच्या नावाने बरंच काही विकतात, हात फिरवला की मऊ लागतं, पण दोन तास अंगावर घातलं की खरं काय ते कळतं. थंडी असली तरी आपलं खानदेशातलं दुपारचं ऊन डिसेंबरातही चटका देतं. सुतीच हवं.

आता लव. कापड टेबलावर पसरून तळवा वरून खाली फिरवला की एका दिशेने तो सरळ घसरतो आणि उलट दिशेने अडतो. ज्या दिशेने घसरतो ती लवेची दिशा. लव वरच्या दिशेने ठेवून शिवलं तर रंग गडद, भरलेला दिसतो, कारण वरून बघणाऱ्याच्या नजरेला केसांची टोकं दिसतात. लव खाली ठेवली तर रंग किंचित फिका आणि चमकदार दिसतो, पण कापड जास्त टिकतं. अनेक जाणकार रंगासाठी लव वर घेतात. मी आज खाली घेणार आहे. ही मुलगी रोज जाऊन-येऊन एसटीच्या बाकावर बसते. लव वर असली तर बसता-उठता बाक तिला उलट्या दिशेने घासणार आणि एका हिवाळ्यात मागची बाजू टक्कल पडल्यासारखी होणार. रंगाची छटा गेली तरी चालेल.

एकदा दिशा ठरली की कापडाच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढते. एकच मोठा बाण नाही, वीत-वीतभर अंतराने अनेक. कापून झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर एक तरी बाण राहिला पाहिजे. दोन तुकडे उलटसुलट जोडले गेले तर उन्हात ते दोन वेगळ्या रंगांचे दिसतात, आणि त्याला मग काहीही इलाज नसतो.

आठ

माप घेताना भाची पहिलं वाक्य बोलते ते नेहमीचंच. "मावशी, एकदम फिट कर हं."

"फिट म्हणजे आवळलेला नव्हे माय. सरळ उभी राहा आणि श्वास आत ओढू नकोस."

कमरेला आधी नाडी बांधते आणि तिला दोनदा वाकायला सांगते. वाकल्यावर नाडी जिथे जाऊन थांबते ती तिची कंबर. आपण समजतो तिथे ती बहुतेक वेळा नसते. कंबर 28. सीट, म्हणजे नितंबांचा सगळ्यांत भरलेला घेर, 38. कमरेपासून सीटपर्यंतचं अंतर 8. उंची 25, गुडघ्याच्या खाली किंचित. ही चार मापं सगळे घेतात. मी आणखी दोन घेते. एक, खुर्चीवर बसल्यावर सीटचा घेर. तो उभ्यापेक्षा भरतो, आणि कॉर्डरॉय ताणलं जात नाही, म्हणून सैलपणा किती ठेवायचा हे त्यावर ठरवावं लागतं. आणि दुसरं, एका पायाने स्टुलावर चढताना दोन गुडघ्यांच्या मधलं अंतर. एसटीची पायरी किती उंच असते हे ज्या बाईने घट्ट कपड्यांत चढून बघितलंय तिलाच कळतं. मागचा कट किती वर न्यायचा याचं उत्तर त्या पायरीत आहे.

नऊ

भाची बसस्टँडकडे गेली. आता खाकी कागद, पट्टी, पेन्सिल.

शिवण-कर्तनाच्या वर्गात शिकलेलं ड्राफ्टिंग अशा दिवशी कामाला येतं. ब्लाउज सरावाने थेट कापडावर आखता येतो, पण अंगाबरोबरच्या स्कर्टला कागद लागतोच. हिशेब असा: सीट 38, त्यात बसण्यासाठी 2 इंच सैल, झाले 40, पाव भाग 10. कंबर 28 अधिक 1, झाली 29. म्हणजे कमरेशी पूर्ण घेरात 11 इंच गिळायचे आहेत. हे 11 इंच कुठे गिळायचे यातच सगळी विद्या आहे.

सगळे बाजूच्या शिवणीत गिळले तर स्कर्ट बाजूने बोचका होतो आणि मागे कमरेपाशी फुगतो. बाई पुढून सपाट आणि मागून भरलेली असते, तेव्हा मागे जास्त आणि पुढे कमी गिळायला हवं. प्रत्येक बाजूच्या शिवणीत पुढून दीड, मागून दीड. पुढे दोन टक्स, प्रत्येकी 1 इंचाचे, लांबी साडेतीन. मागे दोन टक्स, प्रत्येकी दीड इंचाचे, लांबी सव्वापाच. पुढचा पाव भाग 10 मधून दीड आणि एक वजा, राहिले साडेसात. मागचा 10 मधून दीड आणि दीड वजा, राहिले सात. साडेसात आणि सात मिळून साडेचौदा, दुप्पट केले की 29. बेरीज जमली.

पुढचा भाग कागदावर अर्धा काढून न थांबता पूर्ण काढते. कारण कापणीत दिसेल.

साडेदहा

एरवी आपण कापड दुहेरी घडी करून कापतो. कॉर्डरॉय तसं कापत नाहीत. लवेला लव लागली की वरचा थर खालच्यावरून सरकतो, आणि कात्री चालेपर्यंत दोन्ही भाग सारखे राहत नाहीत. म्हणून एकेरी पसरायचं, उलटी बाजू वर, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र कापायचा. पुढचा एक, मागचे दोन, तिन्हींची कंबर एकाच बाजूला. मागच्या तुकड्यांना खाली कटासाठी दोन-दोन इंच जादा. 58 इंचांच्या पन्ह्यात तिन्ही शेजारी शेजारी बसतात. लांबीत 25, वर अर्धा इंच माया, खाली दोन इंच दुमड. खालून जे कापड उरतं त्यात कमरेची पट्टी निघते, आणि एक चांगला मोठा तुकडा राहतो. तो तुकडा फेकायचा नाही. संध्याकाळी इस्त्रीला त्याच्याशिवाय चालणार नाही.

टाचण्या फक्त मायेत लावायच्या. मधे लावल्या तर लवेत भोकांच्या खुणा राहतात. बाजूच्या शिवणींना माया एक इंच ठेवते. रेडिमेडवाले अर्ध्या इंचाच्या आतच भागवतात, म्हणून तो स्कर्ट एकदा तंग झाला की टाकावाच लागतो. घरी शिवलेल्यात एक इंच असेल तर दोन-तीन वर्षं उसवून सैल करता येतो.

कात्रीखाली पांढरट-तपकिरी भुसा पडू लागतो. कापलेल्या प्रत्येक कडेतून लव गळते. अस्तर लावायचं नाही, त्यामुळे या कडा आत्ताच बंद केलेल्या बऱ्या. तुकडे पिशवीत घालून पिको-फॉलच्या दुकानात जाते आणि एकेरी कडांना इंटरलॉक करून आणते. कंबरेची कड तशीच ठेवायची, ती पट्टीत जाणार आहे.

बारा

परत येताना रस्त्यात कापसाने भरलेला ट्रॅक्टर अडकलेला होता. या दिवसांत तालुक्यात सगळीकडे हेच दृश्य. वेचणी चालू, जिनिंगकडे गाड्या, रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेला कापूस.

हातातल्या पिशवीत सुती कापड आणि समोर कापसाची गाडी असली की मला आमच्या गावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. धरणगाव ही जुनी कापडाची पेठ. 1674 मध्ये इथे इंग्रजांची वखार होती. पुढच्याच वर्षी, आणि पुन्हा 1679 मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजांनी ही पेठ लुटली, यावरून त्या काळी इथे किती पैसा खेळत होता ते कळतं. पुढे 1855 मध्ये सरकारने इथे 96 सॉ-जिनांचा कारखाना काढला, करवतीसारख्या दात्यांनी सरकीपासून रुई वेगळी करणारा. धरणगावच्या कापसाला बाजारात चांगला भाव असे. विणकरही होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीसुद्धा गावात जाडेभरडे कापड विणणारे शंभरावर माग चालत.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस थांबला, तेव्हा पश्चिम भारतातला कापूस मुंबईहून लँकेशायरच्या गिरण्यांकडे गेला. त्याच भागात कॉर्डरॉय बनत असे. विणताना कापडात जादा आडवे धागे सैल सोडतात, आणि विणून झाल्यावर ते एकेका रेघेत उभे कापतात. कापलेल्या धाग्यांची टोकं उभी राहतात, तीच लव. आज हे काम यंत्रावरच्या गोल पात्या करतात. त्या काळी लांबच लांब टेबलांवर कापड ताणून बसवत आणि कामगार हातात बारीक लांब पातं धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात, एक रेघ कापली की परत येऊन दुसरी. या कामात बायका आणि लहान मुलं पुष्कळ होती. दिवसाकाठी कित्येक मैलांची चाल होई. अशा कापडावर आपण घाईघाईने गरम इस्त्री दाबून ती लव चिरडतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आपल्याकडे अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, जळगावची खानदेश मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल आहे. कापूस अजून इथेच पिकतो, कापड मात्र बाहेरून येतं. घरात शिवायची मशीन आहे तोवर निदान शेवटचा टप्पा गावात राहतो, असं मी मानते.

एक

कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. हात साबणाने धुऊन, कारण भरताच्या तेलाचा डाग कॉर्डरॉयवरून जात नाही.

दीड

जेवणानंतरचे दोन तास कच्च्या टाक्यांचे. आधी टक्सच्या खुणा. खडू फक्त उलट्या बाजूला चालतो, सुलट्या बाजूला लवेत मुरून जातो, म्हणून टक्सचं टोक दोऱ्याने टाचून दोन्ही बाजूंना शेपट्या ठेवते. मग पुढचे दोन टक्स, मागचे दोन टक्स, मागची मधली शिवण, बाजूच्या शिवणी, सगळं हाताने.

सरळ धावदोरा इथे पुरत नाही. मशीनखाली वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शिवणीच्या शेवटी अर्धा इंच वाढून उरतो. तिरपे टाके घातले, बोटभर अंतरावर, तर दोन्ही थर जागचे हलत नाहीत. दोरा पांढरा, सुती, सहज तुटणारा.

या वेळात शेजारच्या आजी ऊन खायला ओट्यावर येऊन बसल्या. कापडावर हात फिरवून म्हणाल्या, "हाई काय शे व माय? भलतं मऊ शे." मी सांगितलं, स्कर्ट आहे, सुती आहे. त्यांनी उलटी बाजू बघितली, शिवणीची माया बोटाने मोजली आणि मान डोलावली. जुन्या बायका कपडा आतून बघतात. मलाही तसंच शिवणकाम तपासायला शिकवलं गेलं.

मग एक ताई ब्लाउज टाकायला आल्या. अशा स्कर्टची शिलाई किती, त्यांनी विचारलं. या प्रश्नाबद्दल माझं मत पक्कं आहे. ब्लाउजच्या भावात हा स्कर्ट शिवून देता येत नाही. दिवस जातो, तर दिवसाची मजुरी घ्यावी, आणि संकोच न करता सांगावी. घरी शिवणाऱ्या बायका आपल्या वेळेला किंमत लावत नाहीत, "घरीच तर बसून करते" म्हणतात, आणि गिऱ्हाईकही तेच धरून बसतं. घरी बसून केलेल्या कामातही पाठ दुखते आणि डोळे शिणतात.

साडेचार

दिवसातला सगळ्यांत महत्त्वाचा तास हा आहे. मशीन अजून चाललेली नाही.

भाची कॉलेजातून येते, चहा पिते, कच्चा स्कर्ट घालते. मागे चेनच्या जागी टाचण्या. चपला रोजच्या घालायला लावते, कारण टाच वर-खाली झाली की कंबरेचा तोल बदलतो आणि खालची कड हलते. मग तिला उजेडाच्या दारात उभी करून मी दोन हात मागे सरकते आणि काही न बोलता बघते.

इथे कॉर्डरॉयचा एक मोठा गुण कामी येतो. साध्या कापडात स्कर्ट किंचित तिरका लटकला तर डोळ्याला चट्कन कळत नाही. यात उभ्या रेघा गवंड्याच्या ओळंब्यासारखं काम करतात. पुढच्या मधल्या रेघा सरळ जमिनीकडे जात होत्या. मागच्या मात्र सीटच्या खाली किंचित बाहेर फाकत होत्या आणि कमरेच्या लगेच खाली आडवी, हातभर रुंद सुरकुती पडत होती.

ही सुरकुती बघून बहुतेक जणी बाजूने दाबून घट्ट करतात. तिथे चूक होते. पाठीच्या कण्याला जिचा खोल बाक असतो तिच्या मागे कमरेपासून सीटपर्यंतचं अंतर कमी असतं, तिथे कापड लांबीत जास्त होतं आणि साठतं. रुंदी कमी करून लांबीचा दोष जात नाही. मागच्या मध्यावर कंबरेची रेघ तीन सूत खाली उतरवली आणि बाजूकडे जाता जाता शून्यावर आणली. पट्टी वर धरून पाहिली तर सुरकुती गेली आणि रेघा सरळ पडल्या.

दुसरी गोष्ट उजव्या बाजूची. तिथे सीटवर एक बारीक ओढ दिसत होती, शिवणीकडे जाणारी. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेलं शरीर मी क्वचित बघितलंय. खांद्यावर पिशवी घेऊन चालणाऱ्या मुलींत एक बाजू थोडी वर असतेच. उजव्या शिवणीत दोन सूत सोडली. डावी तशीच. कागदावरचं माप दोन्हीकडे सारखं आणि अंगावरचं नाही, तर अंगाचं ऐकायचं.

मग बसवलं. लाकडी खुर्चीवर, पाय जुळवून, नंतर पाय सोडून. मांडीवर आडव्या घड्या आल्या, त्या येणारच, पण कंबरेत बोट जात होतं. शेवटी ओट्याची पायरी. ती एसटीच्या पायरीपेक्षा कमी आहे, म्हणून खाली वीट ठेवलेली असते ती काढून जमिनीवरून चढायला सांगितलं. कट सहा इंचांचा धरला होता, तो साडेसात केला. मागे वळून बघ म्हटलं तर ती म्हणाली, "आता पळत बस पकडता येईल." तिला जेवढं हवं होतं तेवढं एका वाक्यात सांगून झालं.

ट्रायल अर्ध्या तासाची असते, पण ती टाळलेला कपडा आयुष्यभर अंगावर खटकत राहतो. रेडिमेड स्कर्टला ही अर्ध्या तासाची सोय नाही. तिथे अठ्ठावीस कंबर म्हटलं की कारखान्याने धरलेली सीट गुमान घ्यावी लागते. खानदेशातल्या मुलींची कमरेत बारीक आणि सीटला भरलेली ठेवण पुष्कळ आढळते, त्यांना मग सीटला बसणारा स्कर्ट घेऊन कमरेला चुण्या करत बसावं लागतं.

साडेपाच

खुणा नव्याने उतरवून झाल्यावर मशीनचं झाकण काढलं. पायाची मशीन आहे, विजेची वाट बघावी लागत नाही. सुई 16 नंबरची, नवी. टाका मोठा करून इंचाला आठ-नऊ. फूटच्या दांड्यावरचा स्क्रू दोन वळसे सैल केला, म्हणजे दाब कमी होतो आणि लवेवर फूटचे पाट उमटत नाहीत. आधी उरलेल्या कापडाच्या दोन चिंध्यांवर एक शिवण घालून बघितली.

शिवणीची दिशा लवेची. लव खाली घेतलीय, तेव्हा कंबरेकडून खालच्या कडेकडे. टक्स रुंद तोंडाकडून टोकाकडे, आणि टोकाशी उलट शिलाई नाही. दोरा वीतभर सोडून हाताने गाठ मारायची. उलट शिलाईने टोकाशी दोऱ्यांचा गठ्ठा होतो आणि तो कॉर्डरॉयमध्ये बाहेरून मोठा दिसतो. मागचे टक्स जाड झाले, ते घडीवर चिरून उघडे केले.

मग चेन. लपलेली कन्सील चेन अशा कापडाला लावू नये, तिचे दात लव ओढून घेतात आणि एका महिन्यात अडकू लागते. साधी आठ इंची चेन, एका बाजूची कड तिच्यावर झाकण घेऊन. मागचे दोन भाग अजून सपाट असतानाच ती लावली, मग बाजूच्या शिवणी.

दोन शिवणी झाल्या की थांबून शटल उघडायचं. आत लवेचा नमदा साठलेला असतो. मऊ ब्रशने झाडून तेलाचा एक थेंब. हे केलं नाही तर खालचा दोरा गुंतायला लागतो आणि मशीन बिघडली असं आपल्याला वाटतं.

सगळ्या लांब शिवणी सात वाजायच्या आत झाल्या. मशीन खरी चालली ती अर्धा-पाऊण तास.

सात

वीज आहे तोवर इस्त्री. तो राखून ठेवलेला तुकडा टेबलावर लव वर करून पसरला आणि स्कर्ट त्यावर लव खाली करून ठेवला. लवेत लव बुडते, चिरडत नाही. वर ओलं फडकं. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची आणि उचलायची, आणि तीसुद्धा जेमतेम टेकवून. वाफ काम करते, वजन नाही. शिवण बोटांनी उघडायची, इस्त्रीच्या टोकाने नाही. ओलसर असतानाच बाहेरून मऊ ब्रश लवेच्या दिशेने फिरवला की ती परत उभी राहते. एकदा बाहेरून सरळ इस्त्री लागली की त्या जागी कायमची चकाकी येते.

मग कमरेची पट्टी. बाहेरची बाजू कॉर्डरॉयची, आतली पातळ पॉपलीनची. दोन्हीकडे कॉर्डरॉय घेतलं तर पोटावर चार-पाच जाड थर येतात. बकरम चिकटवायचं ते पॉपलीनला, कारण ते चिकटवायला इस्त्री जोरात दाबावी लागते. पट्टी आडवी कापलीय, म्हणजे तिच्याही रेघा उभ्या राहतात आणि स्कर्टच्या रेघांना लागून जातात. मायेचे थर एकाखाली एक कमी करत कापले, सगळे एकाच रेषेत संपले तर बाहेरून कड उमटते. मागे मोठा हूक.

साडेआठ

खालची दुमड हाताने. कडेला आधीच इंटरलॉक आहे, त्यामुळे ती आत आणखी मुडपायची गरज नाही. दोन इंच वर घेऊन तुरपाई, टाका सैल, वरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा आणि तो रेघेच्या खोबणीतला. दोरा ओढून घट्ट केला तर बाहेर खळगा दिसतो. कटाच्या वरच्या टोकाशी आतून सुती पट्टीचा छोटा तुकडा लावला, पायरी चढताना ताण तिथेच येतो.

दहाच्या आत भाचीने घालून बघितला, खुर्चीवर बसली, उठली, पायरी चढली. आरशासमोर ती सगळ्यांत शेवटी गेली. कच्चे टाके काढून झाले, चिंध्या गोळा केल्या, मशीनला तेल दिलं.

कॉर्डरॉयचा स्कर्ट शिवायला टाकणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना माझं सांगणं आहे. मीटरभरात बसतो म्हणून मीटरच देऊ नका, वीतभर कापड जास्त द्या. ते न धुता देऊ नका. ट्रायलला बोलावलं तर अर्धा तास काढून रोजच्या चपला घालून या आणि तिथे खुर्चीवर बसून बघा. घरी धुताना स्कर्ट उलटा करा, पिळू नका, आणि बाहेरच्या बाजूने इस्त्री कधीही लावू नका.